नॅस रीसेट झाला, मिररमधली एक डिस्क बाहेर राहिली. डेटा कसा काढू?

निळीशाई
घरी दोन खणांचा नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइली ठेवायची पेटी) आहे. ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १, म्हणजे मिरर: दोन्हींवर तोच डेटा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणालाच आठवेना, म्हणून भावाने मागच्या बारीक भोकात पिन खुपसून रीसेट केलं. बटण बराच वेळ दाबून धरलं असणार, कारण नॅस उठला तो कोरा करकरीत: भाषा निवडा, डिस्क तयार करा. त्यानं 'पुढे, पुढे' करत नवा व्हॉल्यूमही बनवून टाकला. तेव्हा आत फक्त एक नंबरची डिस्क होती. दोन नंबरच्या ट्रेचा स्क्रू सैल झाला होता म्हणून मी नॅस बंद करून ती आधीच काढली होती. ती टेबलावरच होती.

आता ती यूएसबी डॉकमधून विंडोजला लावली की "फॉरमॅट करायची का?" असं विचारतं. नाही म्हटलं. तीन पार्टिशन दिसतात, ड्राइव्ह लेटर एकालाही नाही. पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालवून मोठ्या पार्टिशनवर क्लिक केलं तर "अननोन फाइलसिस्टिम टाइप लिनक्स रेड मेंबर". आजोबांच्या वह्यांचे स्कॅन त्यात आहेत, बाकीचं गेलं तरी चालेल. ही डिस्क परत खणात घातली तर नॅस आपोआप जुळवून घेईल ना?

झटपट
फोटोरेक (हरवलेल्या फाइली शोधून काढणारा प्रोग्राम) चालवा आणि मोकळे व्हा. माझ्या कॅमेऱ्याच्या कार्डातले सगळे फोटो आले होते.

खडूफळा
निळीशाई, ती डिस्क खणात अजिबात घालू नका. नॅसच्या लेखी आता खरा अ‍ॅरे (डिस्क जोडून केलेला गट) म्हणजे एक नंबरवरचा नवा, रिकामा अ‍ॅरे. दोन नंबर आत गेली की "दुरुस्ती करू का" असं विचारेल, तुम्ही हो म्हणाल, आणि तो रिकामेपणाच इमानेइतबारे तिच्यावर उतरवेल. मिररला जुनं-नवं कळतं, हवं-नको कळत नाही.

झटपट, फोटोरेक कार्डासाठी ठीक आहे. इथे फाइलसिस्टिम शाबूत असताना ते वापरायचं म्हणजे सगळी नावं आणि फोल्डर फेकून देऊन हजारो बेनाव फाइली चिवडत बसायचं. तो शेवटचा उपाय.

तुम्हाला आलेला एरर खरं तर चांगली बातमी आहे. पार्टिशनवर रेडची खूण जिवंत आहे. घरगुती नॅस बहुतेक लिनक्सच असतात, आणि रेड १ मध्ये प्रत्येक डिस्कवर पूर्ण प्रत असते. फक्त आवृत्ती १.२ च्या मेटाडेटात (रेडच्या स्वतःच्या नोंदीत) ही खूण पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबीवर बसते आणि खरा डेटा त्याच्याही पुढे सुरू होतो, म्हणून थेट माउंट होत नाही, म्हणजे उघडत नाही. (जुन्या ०.९० मध्ये खूण शेवटाकडे असायची, तिथे थेट माउंटही चालून जायचं.)

आधी स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींची, माहिती पाहा. पेंडिंग सेक्टर (वाचताना अडलेले तुकडे) शून्य नसतील तर इथेच थांबा आणि डीडीरेस्क्यू या टूलने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. इमेज फाइल म्हणून ठेवणार असाल तर ४ टीबीची दुसरी डिस्क पुरणार नाही, मोठी लागेल. सेक्टर ठीक असले तरी मी इमेज घेतोच, पण वह्या तुमच्या आहेत, ठरवा तुम्ही.

मग ब्लॉकडेव्ह कमांडने डिस्क रीड-ओन्ली करा. एमडीएडीएम (लिनक्सचं रेड सांभाळणारं टूल) इन्स्टॉल करा, तिसऱ्या (मोठ्या) पार्टिशनवर त्याचं 'एक्झॅमिन' चालवा आणि जे येईल ते इथे टाका. 'क्रिएट' या शब्दाला हात लावू नका, कुठल्याही व्हिडिओत काहीही सांगितलेलं असो.

निळीशाई
पेंडिंग शून्य, रीअ‍ॅलोकेटेडही शून्य. एक्झॅमिनमध्ये: आवृत्ती १.२, लेव्हल रेड १, डिव्हाइस २, स्टेट क्लीन. पण 'असेंबल' केलं तर "बिझी" म्हणतंय. अ‍ॅरेंच्या यादीत, म्हणजे एमडीस्टॅटमध्ये, एमडी१२७ इनअ‍ॅक्टिव्ह दिसतंय आणि डिस्कच्या नावापुढे कंसात एस. एस म्हणजे स्पेअर ना? मग तिच्यावर डेटा नाही का?

खडूफळा
घाबरू नका, त्या एसला बरेच जण फसतात. डिस्क जोडल्याबरोबर उबुंटूने अ‍ॅरे स्वतःच उचलायला घेतला, जोडीदार सापडला नाही, म्हणून अर्ध्यावर सोडला. सुरू न झालेल्या अ‍ॅरेतली डिस्क तिथे एस अशीच दिसते. "बिझी" त्याचंच.

एमडी१२७ आधी 'स्टॉप' करा. मग 'असेंबल' पुन्हा, सोबत 'रन' आणि 'रीडओन्ली' दोन्ही पर्याय. 'रन' म्हणजे जोडीदाराशिवाय चालू हो. एमडीस्टॅटमध्ये चौकटी कंसात एक यू आणि एक खालची रेघ दिसली की जमलं.

त्यानंतर बीएलकेआयडी कमांडने आत काय आहे ते बघा. एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा लिनक्सचा मधला थर) निघालं तर व्हीजीचेंज कमांडने ते जागं करावं लागेल. थेट ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) असेल तर माउंट करताना 'आरओ' सोबत 'नोलोड' द्या, कारण नुसत्या 'आरओ'नेही ईएक्सटी४ जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) चालवायला, म्हणजे डिस्कवर लिहायला, जातं.

तारयंत्र
डॉकबद्दल एक. काही डॉक मोठ्या डिस्कचा सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा दाखवतात आणि मग पार्टिशन टेबलच वाचता येत नाही. यांना तीन पार्टिशन दिसतायत म्हणजे डॉक बरा आहे. पुढे हे वाचणाऱ्याला काहीच दिसलं नाही, तर डिस्क थेट साटा केबलने लावून बघा, मगच रडा.

निळीशाई
आलं! एलव्हीएम निघालं, आत ईएक्सटी४. सगळी फोल्डर नावांसकट. 'वह्या' उघडायला गेले तर "परमिशन डिनाइड". हेही रीसेटमुळे?

खडूफळा
नाही. फाइलींवर नॅसमधल्या यूजरचा नंबर आहे, लाइव्ह उबुंटूत तो यूजरच नाही. परवानग्या बदलायला जाऊ नका, रीड-ओन्लीवर बदलणारही नाहीत. सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून आरसिंक या कॉपीच्या टूलने दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि मालकी त्या कॉपीवर बदला.

कॉपी झाली की आरसिंक 'चेकसम' पर्यायासह पुन्हा एकदा फिरवा. वेळ खाईल, खाऊ दे. थोडे स्कॅन उघडून पूर्ण आकारात पाहा, थंबनेलवर जाऊ नका. दोन नंबर नॅसमध्ये जाईल ती त्यानंतर.