लंडन ड्राय गोव्यात कशी बनते? अन् आपल्या संत्र्याची साल जिनमध्ये चालते का?

काटोलचा बागवाला:
भाच्यानं जिनची बाटली आणली. वर लिहिलंय 'लंडन ड्राय', खाली पत्ता गोव्याचा! घटकांत संत्र्याची साल वाचली अन् डोक्यात किडा शिरला. घरी आंबिया बहाराच्या साली वाळत पडल्याच होत्या. नागपूरच्या इतवारी बाजारातून हपुषा आणली, कारण जिनला मुख्य वास देणारं ज्युनिपरचं फळ म्हणजे तीच असं ऐकलं होतं. दोन्ही वोडकात आठ दिवस ठेवलं. पिवळं झालं, अन् एक घोट घेतला तर कडूजहर. याला जिन म्हणायचं का? चूक कुठे झाली?

जुना एलआयटीवाला:
भाऊ, ती उरलेली पिऊ नका. ज्युनिपरच्या काही जाती विषारी असतात. सुटी हपुषा नेमकी कोणत्या झाडाची, हे नुसतं पाहून मलाही सांगता येणार नाही. माझी तीस वर्षं सुगंधी तेलं गाळण्यात गेलीत.

लंडन ड्राय ही गाळायची, म्हणजे उकळून वाफ थंड करायची, रीत आहे, कुठेही करता येते. जवळपास बेचव असं ९६ टक्क्यांचं स्पिरिट घेतात. त्यात ज्युनिपर, धणे, अँजेलिकाचं मूळ, साली असं सगळं घालून एकदाच पुन्हा गाळतात. नंतर वास घालायचा नाही, रंग नाही. पाणी अन् तसंच स्पिरिट तेवढं घालता येतं. युरोपच्या नियमात साखर लिटरला ०.१ ग्रॅमच्या वर चालत नाही. गाळल्यावर वास मिसळला तर ती 'डिस्टिल्ड जिन' होते, लंडन ड्राय राहत नाही. नुसतं भिजवून केलेली ती 'कंपाउंड', तुमची त्यातली.

कडूपणा सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाचा. तो स्पिरिटात उतरतो, पण वाफेसोबत वर चढत नाही. सालीचं तेल चढतं. भट्टीच्या तोंडाशी तो वास पहिल्यांदा येतो ना, तेव्हा अख्खी बाग समोर उभी राहते. कडू अन् पिवळं भांड्यातच राहतं. पण घरी गाळू नका, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे अन् आगीचा धोका वेगळाच.

धरमपेठची मीरा:
काका, 'जिन' हा शब्द डच 'येनेव्हर'वरून आला, म्हणजे ज्युनिपरच. येनेव्हर माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या धान्याची, जड असते. १८३० च्या सुमारास एनियास कॉफी नावाच्या माणसाचं गाळायचं उभं यंत्र आलं, स्पिरिट स्वच्छ मिळू लागलं, तेव्हा कोरडी, म्हणजे बिनगोडाची, जिन जमली. त्याआधीची 'ओल्ड टॉम' गोडसर. आपलं संत्रं मुळात गोड, कडू सेव्हिल संत्र्यासारखं नाही, म्हणून मला ते ओल्ड टॉमसोबतच आवडतं. ताज्या सालीची पातळ पट्टी ग्लासवर पिळा, तेल वर तरंगतं. मी मृग बहाराचं फळ घेते.

काटोलचा बागवाला:
वोडका ओतून दिली. वाफेचं आता कळलं. मृग बहाराची फळं झाडावर आहेत, फेब्रुवारीत साली चाकूनं पांढरं काढूनच सोलतो. मीराताई, एक करंडी धरमपेठेत पाठवू का?