शाळकरी मुलांची ‘ॲसिडिटी’: जाणकारांनो, अनुभव लिहा

बऱ्याच घरांत ‘पोराला पित्त होतं’ हे ऐकू येतं. त्यातलं खरं आम्लपित्त किती, आणि ते कसं ओळखायचं? दवाखाना, शाळा, औषधाचं दुकान, आहार या क्षेत्रांतल्यांनी कामात दिसतं तेवढंच लिहावं. डोस विचारू नयेत, सांगू नयेत.

बालरोग ओपीडी
तान्ह्या बाळांचं दूध वर येणं यात मोजू नका; ते चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि वर्षाचं होईतो बहुतेकांचं थांबतं. मोठ्या मुलांसाठी शिकागो परिसरातली २००० सालची पाहणी बोलकी आहे. ३ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांपैकी १.८ टक्क्यांनी छातीतली जळजळ सांगितली, पण ७.२ टक्क्यांनी बेंबीच्या वरचं दुखणं सांगितलं. १० ते १७ वयाच्या ८.२ टक्के मुलांनी स्वतः ‘घशाशी येतं’ असं सांगितलं. त्याच वयाच्या मुलांच्या पालकांना विचारलं तर हे प्रमाण १.४ टक्के. म्हणजे विचारायचं कुणाला, यावर आकडा ठरतो. ही नुसती लक्षणं, निदान नव्हे.

सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला ‘जळजळ’ सांगता येत नाही, ते पोटावर हात ठेवतं. ‘जळजळतं का?’ असं विचारलं की ‘हो’ म्हणून मोकळं होतं. त्यापेक्षा ‘तोंडात आंबट पाणी येतं का? मग गिळतोस की थुंकतोस? जेवल्यावर की झोपल्यावर?’ असं विचारावं. आणि आईनं मध्येच उत्तर देऊ नये, हे सर्वांत अवघड!

आहारतज्ज्ञ
तिखटाला उगाच शिव्या बसतात. बहुतेक वेळा घोळ वेळेचा आणि मापाचा असतो. सकाळी नुसतं दूध-बिस्कीट, डबा अर्धा परत, चारला वेफर्स आणि शीतपेय, मग क्लासवरून आल्यावर साडेनऊला भरपेट जेवण आणि दहाला अंथरूण. भरलेलं पोट ताणलं की अन्ननलिकेच्या खालची झडप वरचेवर सैल पडते. आडवं झाल्यावर अन्ननलिकेत वर आलेलं खाली लोटायला वजनाची मदत उरत नाही. उपाय साधा: क्लासला जाण्याआधी पोळीभाजी, आल्यावर वाटीभर मऊ भात, आणि त्यानंतर किमान दोन तास जागं. झोपताना ग्लासभर थंड दूध हा घरोघरचा उपाय. घटकाभर बरं वाटतं, पण पोट पुन्हा भरतं आणि दुधातल्या प्रथिनांनी आम्ल आणखी सुटतं.

शौचाला खडा होतो का तेही बघा. कुंथण्याने पोटात दाब वाढतो.

औषधविक्रेता
फसफसणारी पावडर बारा वर्षांखालच्या मुलाला आपल्या मनाने देऊ नये. त्यात सोडियम भरपूर, आणि सुटणारा वायू पोट फुगवतो. आम्ल कमी करणाऱ्या कॅप्सूलबाबत नेहमीची चूक म्हणजे आतले दाणे चुरडून गरम दुधात ढवळणं. दाण्यांवरचं आवरण दुधात विरघळतं, मग पोटातलं आम्ल औषधच निकामी करतं. चिठ्ठीत कॅप्सूल उघडून द्यायला सांगितलं असेल, तर चमचाभर सफरचंदाच्या गरात, न चावता, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. आणि चार-आठ आठवड्यांचा कोर्स लिहिला असताना तीच चिठ्ठी वर्षभर फिरवू नका.

शाळेची आरोग्य नोंदवही
आठवड्याच्या लोहगोळीच्या दिवशी पोटदुखी वाढलेली दिसते. पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून निळी. रिकाम्या पोटी दिली की मळमळ ठरलेली. मध्यान्ह भोजनानंतर, भरपूर पाण्याबरोबर द्यावी. दुसऱ्या दिवशी शौच काळं दिसलं तर आधी गोळी आठवा.

दंतवैद्य
वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजून गुळगुळीत दिसली की वारंवार आंबट पाणी येतं का ते आम्ही विचारतो. आंबट आल्यावर लगेच ब्रश नको, मऊ पडलेलं आवरण घासलं जातं. साध्या पाण्याने चुळा भरा, तासाभराने ब्रश.

आहारतज्ज्ञ
राहिलं: उशांची चळत उपयोगाची नाही, पोट दुमडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ६ ते ८ इंचांचे लाकडी ठोकळे. डाव्या कुशीवर झोप.

बालरोग ओपीडी
दोन गोष्टी आम्लपित्त समजून नजरेतून सुटतात. एक: जेवल्यावर काही मिनिटांतच, उमासा न येता घास तोंडात येतो, मूल तो परत चावतं, झोपेत मात्र कधीच होत नाही. ही पोटाच्या स्नायूंची लागलेली सवय असते. गोळ्यांनी जात नाही, जेवणानंतर पोटाने श्वास घ्यायला शिकवून जाते. दुसरी: घास छातीत अडकतो म्हणून पोळी-मटण टाळणं, प्रत्येक घासाला पाणी. इथे अन्ननलिकेची ॲलर्जी बघायला दुर्बीण लागते. हिरवी उलटी, उलटीत रक्त, घटतं वजन किंवा पहाटेच्या डोकेदुखीसह उलटी असेल, तर पथ्य करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.