फ्रोजन पालेभाजी चालते का? आपापले अनुभव लिहा

अंबाडीवेडी
परवा इथे न्यू जर्सीत एडिसनच्या दुकानात फ्रीजरमध्ये गोंगुऱ्याचं पाकीट दिसलं. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी. नांदेडची आठवण आली एकदम. आई अंबाडी उकडून आंबट पाणी काढून टाकायची, मग ज्वारीच्या कण्या आणि तूरडाळ घालून घोटायची, वरून लसणाची कडकडीत फोडणी. पाकीट आणून तशीच केली. पाला पार गळलेला होता, पण घोटायचाच असल्यामुळे काही बिघडलं नाही. आंबटपणा अगदी तोच! माझं मत असं झालंय की घोटायची भाजी फ्रोजन चालते, परतायची ताजीच हवी. फ्रोजन मेथी कढईत टाकली की पाणी सुटतच राहतं. तुमचं सांगा.

पुणेकरीण
पालक फ्रोजन, मेथी ताजी, शेपू कुठलाच नको 😄

शेपूभक्त
शेपूला काही बोलायचं नाही. मूगडाळ घालून केलेला शेपू आणि ज्वारीची भाकरी, बास.

म्युनिकवासी
इथे फ्रोजन पालक घेताना पाकीट नीट वाचा. ब्लाटश्पिनाट म्हणजे नुसती पानं. राह्मश्पिनाटमध्ये क्रीम घातलेलं असतं, ताकातल्या पालकाला तो नको. ब्लाटश्पिनाट पूर्ण वितळू द्यायचा, मुठीत घट्ट पिळायचा, मग बेसन लावून ताकात. पिळलेलं पाणी कणकेत. मेथी मी खिडकीतल्या कुंडीत पेरते, घरातले मेथीदाणेच टाकायचे, थंडीतही उगवतात.

कोकणकन्या
आळूचं कोणी लिहिलं नाही अजून? फ्रोजन पानं फतफत्याला उत्तम. वड्यांना नाही, पान उलगडताना फाटतं. आणि फ्रीजरमध्ये राहिली म्हणून खाज जात नाही हं, चिंच घालायचीच आणि नीट शिजवायचं. फतफत्यात मुळा, शेंगदाणे, चण्याची डाळ. आमच्याकडे फणसाच्या आठळ्यापण.

पुणेकरीण
आठळ्या!! किती वर्षांत खाल्ल्या नाहीत.

अन्नतंत्र
मी याच क्षेत्रात काम करते म्हणून थोडं लांब लिहिते. खुडल्यावरही पान जिवंत असतं, श्वसन चालू असतं. क जीवनसत्त्व भराभर कमी होतं, उन्हात गाडीवर ठेवलेल्या जुडीत तर फारच. कारखान्यात पालक आधी गरम पाण्यात किंवा वाफेवर धरतात, त्याने पानातली विकरं (एन्झाइम्स) बंद पडतात. यात थोडं क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात जातं. पण पुढे उणे १८ अंशांवर उरलेलं बऱ्यापैकी टिकतं. म्हणून शेतातून सकाळी आलेली जुडी सगळ्यात चांगली, पण फ्रीजमध्ये आठवडाभर पडलेल्या जुडीपेक्षा फ्रोजन पाकीट बरं ठरू शकतं. लोह, कॅल्शियमला गोठवण्याने काही होत नाही.
घरी करायचं तर पालक उकळत्या पाण्यात २ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, पिळून लहान गोळे करून ठेवा. एका वेळी एक गोळा काढता येतो. तसाच कच्चा कोंबला तर काही आठवड्यांनी रंग उतरतो आणि गवतासारखा वास येतो.

बॉस्टनकर
फ्रोजन भाज्यांची किरकोळ विक्री आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला ६ मार्च १९३० ला सुरू झाली, क्लॅरेन्स बर्ड्सायच्या पद्धतीने गोठवलेली. त्या पहिल्या मालातही पालक होता. म्हणजे आपला पालक फ्रीजरला नवखा नाही 🙂

अंबाडीवेडी
@अन्नतंत्र गोळ्यांची युक्ती छान, रविवारी करते.

गिरगावकर
समुद्रमेथी. वाळूत वाढलेली, बोटभर उंचीची, इवल्या इवल्या जुड्या. मुळं कापायची, वाळू जाईपर्यंत धुवायची, कांद्यावर जेमतेम परतायची. हिला फ्रोजन करणं हा अन्याय आहे. निवडायला वेळ लागतो पण आई रेडिओ लावून बसायची, मी शेजारी. आई गेल्यापासून आणली नाही.

शेपूभक्त
आणा एकदा. आईंच्या हातची नाही होणार, पण आणा.

खानदेशी
घोळाना फ्रोजन मेथीचा करून दाखवा कोणीतरी! कोवळी मेथी, कांदा, दाण्याचं कूट, तेल, तिखट, मीठ. कच्चीच खायची. इथे ताजीला पर्याय नाही.

लातूरचा_पोर
आमच्या गावाकडं लाईटच जाती तासन्‌तास, फ्रीजर कशाचा घेताव. आमचं फ्रोजन म्हणजे वाळवलेली हरभऱ्याची भाजी. हिवाळ्यात पाला खुडून सावलीत वाळवायचा, डब्यात भरायचा, की उन्हाळ्यात पालेभाजी मिळंना तवा डाळ-दाणे घालून गरगटी भाजी. ताज्यापेक्षा चव वेगळी लागती पण मला तीच जास्त आवडती.

म्युनिकवासी
वाह, हे खरं. पाला धुवून वाळवायचा का?

आजीबाई
धुवू नका गं. हरभऱ्याच्या पानावर आंब असते, ती धुतली की चव गेली. घाटे धरायच्या आधी नुसते कोवळे शेंडे खुडायचे. खुडल्याने फुटवे जास्त येतात, म्हणून शेतकरी नाही म्हणत नाही. खुडताना बोटं आंबट होतात, आम्ही चाटायचो लहानपणी.

पुणेकरीण
आजी, लसणाची फोडणी वरून की आधी?

आजीबाई
दोन्ही करतात. मी वरून देते, लाल मिरची मोडून. भाकरी तव्यावर आहे, बाकीचं रात्री लिहिते.