आयव्हीआयजीचा आग्रह धरा, या सल्ल्याला माझी हरकत

सरळरेषा : ‘पुष्करिणी’ यांनी काल लिहिले की, मायोकार्डायटिसमुळे (हृदयाच्या स्नायूचा दाह) त्यांच्या भावाचा ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलते, ते माप) 25 पर्यंत घसरला होता, आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे शिरेतून देण्याचे औषध) दिल्यावर सहा महिन्यांत तो सावरला आणि म्हणून प्रत्येक नातेवाइकाने डॉक्टरांकडे या औषधाचा आग्रह धरावा. भाऊ बरा झाला याचा आनंदच आहे. परंतु हा सल्ला मला घातक वाटतो. अमेरिकेतील आयमॅक चाचणीत (2001) नुकतेच हृदय दुबळे झालेल्या 62 प्रौढांपैकी काहींना किलोमागे 2 ग्रॅम आयव्हीआयजी दिले, उरलेल्यांना प्लासिबो, म्हणजे औषधाचा नुसता देखावा. सरासरी ईएफ 25 वरून सहा महिन्यांत 41 वर गेला, आणि दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

पुष्करिणी : आयसीयूबाहेरच्या बाकावर रात्र काढून मग हे आकडे सांगावेत. आमच्या भाचीला कावासाकी (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना दाह होणारा आजार) झाला तेव्हा हेच औषध दिले होते आणि तेव्हा कोणी पुरावा मागितला नाही.

सरळरेषा : कावासाकीत पुरावा भक्कम आहे, म्हणूनच कोणी मागितला नाही.

कृष्णाकाठ : सरळरेषा, आपण अर्धेच सांगत आहात. आयमॅकमधील फार थोड्या रुग्णांच्या बायॉप्सीत (हृदयाच्या स्नायूचा कण काढून केलेल्या तपासणीत) दाह दिसला होता. बहुतेकांचा आजार डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (हृदय फुगून दुबळे होणे) असाच नोंदला गेला. त्यावरून तीव्र मायोकार्डायटिसमध्ये औषध निरुपयोगी ठरते, असे म्हणता येत नाही.

सरळरेषा : उपयोगी ठरते, असेही म्हणता येत नाही. मुलांवरील 1994 च्या ज्या अभ्यासाचा दाखला सगळे देतात, त्यात तुलना आधीच्या काळातील, औषध न मिळालेल्या रुग्णांशी होती, त्याच वेळच्या गटाशी नव्हे.

औंधकर : मुद्दा पैशाचा आहे. 70 किलोच्या माणसाला 140 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 28 बाटल्या. माझ्या मेहुण्याच्या वेळी रुग्णालयाने बाहेरून आणलेल्या बाटल्या नाकारल्या, कारण काय तर ‘कोल्ड चेन’, म्हणजे वाटेत औषध सतत थंड राहिले याची खात्री नाही. आणि स्वतःच्या दुकानातून छापील किमतीत एक पैसाही कमी न करता विकल्या.

पुष्करिणी : आम्ही दागिने मोडले. त्याचा हिशेब कोणाला द्यायचा?

औंधकर : 2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) साथ आली तेव्हाही घरोघरी या औषधासाठी हीच धावाधाव होती. प्लाझ्मा एक्स्चेंजही (रक्तातील द्रव भाग काढून बदलणे) त्या आजारात तितकाच गुणकारी आहे, हे किती जणांना सांगितले गेले?

कृष्णाकाठ : जीबीएसमध्ये निदान औषधाचा उपयोग सिद्ध झालेला आहे, औंधकर. दरांसाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

औंधकर : ज्यांना बिल भरावे लागत नाही त्यांनाच दर हा वेगळा विषय वाटतो.

सरळरेषा : पैसा बाजूला ठेवला तरी 140 ग्रॅम म्हणजे दहा टक्क्यांचे द्रावण जवळपास दीड लिटर होते. ज्या हृदयाला अंगातले पाणी झेपत नाही म्हणून लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारे औषध) चालू आहे, त्यालाच हा भार द्यायचा. शिवाय रक्तात गुठळी होण्याचा आणि मूत्रपिंडे बिघडण्याचा धोका आहेच. रुग्ण झपाट्याने खालावत असेल आणि हृदयतज्ज्ञाने सारे तोलून ते दिले, तर माझी तक्रार नाही. नातेवाइकांनी हट्ट धरू नये, एवढेच म्हणणे आहे.

पुष्करिणी : एवढी मुभा दिलीत, उपकार झाले. भावाला तज्ज्ञांनीच ते दिले होते. ‘आग्रह’ हा शब्द मागे घेते, बाकीचे नाही.

औंधकर : त्या तज्ज्ञांनी बाटल्या बाहेरून आणू दिल्या होत्या का?