लाईन गेली, लाईन फुटली, लाईन मारली... एका शब्दाची किती कामं!

मंडळी, परवा भुसावळ स्टेशनवर उभा होतो, शेतातून बाबांचा फोन आला. गोंगाटात नीट ऐकू येईना म्हणून मी जोरात विचारलं, "काय? मेन लाईन फुटली?" तर बाकावरच्या मावशी घाबरून म्हणे, "अरे भो, मग नागपूरची गाडी येती की नाही आता?" त्यांचं काय चुकलं? भुसावळात मेन लाईन म्हटलं की रूळच डोळ्यापुढे येणार, इथूनच एक फाटा खंडवा-इटारसीला जातो न् एक अकोला-नागपूरला. आणि आमच्या रावेरकडे केळीच्या बागेत मेन लाईन म्हणजे ड्रिपचा जमिनीत गाडलेला पीव्हीसी पाईप, तिच्यावर सबमेन, न् त्याच्यावर नळ्या. नळीत क्षार साचले की "लाईन चोक झाली".

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जाईना. आमच्याकडे नुसतं "लाईन" म्हटलं की पहिला अर्थ वीज. "लाईन आली का?" किंवा अहिराणीत "लाईन उनी का रे?" हे वाक्य खान्देशात रात्री जितक्या वेळा बोललं जात असेल तितकं दुसरं कुठलं नसेल, कारण थ्री फेजची पाळी रात्रीची असली की माणूस मोटर चालू करायला बॅटरी घेऊन बांधावर बसलेला असतो. रेशनला लाईन लागते ती रांग. पोरगा बारावीनंतर कुठल्या लाईनीला गेला, तिथं ती शाखा न् धंदा. पोलीस लाईन म्हणजे ओळीनं बांधलेली घरं. लाईन मारणे सगळ्यांना माहिती आहे, ते सोडा. बिघडलेल्या पोराला लाईनीवर आणतात तिथं मात्र थांबावंसं वाटतं, कारण तिथं लाईन म्हणजे सरळपणा.

हे सगळे अर्थ एका शब्दात आले कुठून म्हणून खोदत गेलो तर मुळाशी निघालं जवस! खरंच, आपली चटणी करतो तेच जवस. लॅटिनमध्ये त्याला लिनम म्हणतात, त्याच्या खोडापासून निघणाऱ्या धाग्यापासून लिनन कापड, आणि त्या धाग्यावरून लिनिया, म्हणजे ताणलेली दोरी, ताणलेली दोरी सरळ असते म्हणून रेघ, रेघ म्हणून ओळ, न् पुढं तार, रूळ, पाईप. कोटाच्या आतलं लायनिंग, म्हणजे अस्तर, तेही त्यातलंच, कारण अस्तर लिननचं लावायचे. जवसाच्या तेलाचं इंग्रजी नाव लिनसीड, तेही त्याच घरातलं.

आता मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की आपल्याकडे जवसाच्या जागी कापूस होता आणि आपल्या "सूत" शब्दानं अगदी हाच प्रवास स्वतःच्या पायानं केलाय. गवंडी वीट एका सुतात लावतो, सुतासारखा सरळ करीन असा दम देतो, दोघांचं सूत जुळतं. आणि मापात बघा, सुतार इंचाचे आठ भाग करतो त्यातला एक म्हणजे एक सूत, तर इंग्रजीतही लाईन नावाचं जुनं माप आहे, इंचाचा बारावा भाग! दोन्हीकडं धाग्याच्या जाडीवरूनच बारीक मापाला नाव देणं सुचलं असावं असं मला वाटतं. पण आगगाडी न् वीज आली तेव्हा शब्द तिकडचा तयार आला, नाहीतर आपण "सूत गेलं" म्हणून अंधारात बसलो असतो, आणि मला ते आवडलंही असतं.

डेडलाईनचं मात्र वाईट वाटलं. ऑफिसात दिवसातून दहादा वापरतो तो शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धातला, 1864 साली अँडरसनव्हिलच्या कैदखान्यात आतल्या बाजूनं एक हद्द आखलेली होती, ती ओलांडली की कैद्याला सरळ गोळी.

व्याकरणाचंही एक. लाईन मराठीत आली न् लगेच स्त्रीलिंगी झाली, ती लाईन, त्या लाईनी. ओळ, रांग, रेघ, तार, दोरी सगळ्या स्त्रीलिंगीच, त्यांच्यात ती सहज बसली. गावाकडची म्हातारी माणसं "लायनी" म्हणतात, मला तेच गोड वाटतं, तुमच्याकडे धुळे-नंदुरबारला काय म्हणतात ते सांगा.

तर त्या दिवशी घरी गेलो, पाईप जोडला, आणि दुसऱ्या दिवशी नव्या बागेची आखणी होती. पाच बाय पाचची लागवड, एकरी सतराशे बेचाळीसच्या आसपास रोपं. एका टोकाला बाबा न् दुसऱ्या टोकाला मी, मध्ये दर पाच फुटाला गाठ मारलेली सुताची दोरी. बाबा तिकडून ओरडले, "लाईन ढिली सोडू नको, ताण!" दोरीलाच लाईन म्हणत होते ते.