रूममेट सगळं आवरतं घेतोय असं वाटतंय, त्याच्याशी कसं बोलू?

कॉटबेसिस
सदाशिव पेठेत चौघांची खोली, सगळे राज्यसेवेची तयारी करणारे. एकाचं मुलाखतीपर्यंत जाऊन यादीत नाव आलं नाही. तेव्हापासून अभ्यासिका बंद, डबा तसाच पडून. काल त्याने नोट्स वाटून टाकल्या, मेसच्या काकूंचा हिशोब चुकता केला आणि म्हणाला, "आता कुणाला माझा त्रास नको." थेट विचारलं तर नसलेलं खूळ मीच डोक्यात घालेन का? शिवाय घरी सांगायचं नाही अशी शपथ घातलीय.

मुठाकाठ
थेट विचारा, आणि आजच. विचारल्याने असा विचार मनात येत नाही. आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. दोघंच असताना, साध्या शब्दांत: "तू जीव द्यायचा विचार करतोयस का?" "तसलं काही करणार नाहीस ना?" असं विचारू नका, त्याला उत्तर "नाही रे" हेच येतं.

"हो" म्हणाला तर लगेच समजूत घालू नका. "आईबाबांचा विचार कर", "अजून अटेम्प्ट आहेत की" हे आपण मायेनेच म्हणतो, पण आपण घरच्यांवर ओझं झालोय असं त्याला आधीच वाटतंय. त्यात अपराधीपणाची भर पडते. "कधीपासून एकटाच सोसतोयस?" एवढं विचारून ऐका. तो गप्प बसला तर तुम्हीही थोडं गप्प बसा.

मग विचारा: काही ठरवलंय का, कधी, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झालाय का. ठरलेलं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, बाथरूमची आतली कडीसुद्धा नको. रिक्षा करून ससूनच्या तातडीच्या विभागात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या, नाहीतर ११२ किंवा १०८ लावा. ठरलेलं नसेल तर १४४१६ वर टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) त्याच्या शेजारी बसून फोन लावा. मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलतात. काळजीत पडलेल्या मित्रालाही तिथे सल्ला मिळतो, त्यामुळे आधी तुम्ही एकट्याने लावलात तरी चालेल.

परिचारिका_कोथरूड
शपथ पाळू नका. त्याला तोंडावर सांगा: "गावभर करणार नाही, पण जिवाचा प्रश्न आहे, एकाला तरी सांगणारच. कुणाला सांगू ते तू ठरव." बऱ्याचदा वडिलांऐवजी मामाचं किंवा बहिणीचं नाव येतं. चालेल.

केस होईल, नोकरी जाईल ही भीती या मुलांना फार असते. नुसते विचार येणं हा गुन्हा नाही. प्रयत्न झाला तरी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ ती व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरून चालतं.

खोलीतला औषधांचा साठा आणि त्याने सांगितलेलं साधन आजच दुसऱ्या घरी ठेवा, खोलीतल्याच कपाटात लपवून उपयोग नाही. ही ओढ लाटेसारखी चढते आणि ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की जीव वाचतो. दारूही नको, तिने आवर सुटतो.

डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. पंचविशीच्या आतला असेल तर सुरुवातीचे आठवडे जास्त जपावं लागतं. गोळ्या एकाच्या ताब्यात ठेवा, थोड्या थोड्या द्या, परस्पर बंद करू नका. आणि तो एकदम शांत, मोकळा वाटायला लागला तर लगेच निर्धास्त होऊ नका. कधीकधी ती शांतता मनाशी निर्णय झाल्याची असते.

कॉटबेसिस
आज संध्याकाळी बाकीचे दोघे मेसला गेले की बोलतो. पुढच्या रात्री कशा काढायच्या?

मुठाकाठ
तिघांत पाळ्या लावा, एकट्याने जागू नका. त्याच्याच अक्षरात एक कागद लिहून घ्या: मन बिघडायला लागल्याची खूण कोणती, तेव्हा काय केल्याने बरं वाटतं, कुणाकडे जाऊन बसता येईल, कुणाला फोन करायचा, शेवटी १४४१६. प्रत्येक ओळीला विचारा, "रात्री दोन वाजता हे जमेल का?" नाही म्हणाला तर ती ओळ बदला. डॉक्टरांकडे पहिल्यांदा सोबत जा आणि पुढची तारीख घेऊनच बाहेर पडा.