पोटाच्या औषधांचा मराठी कागद करतोय, मजकूर तपासून द्या

सियागंज_काउंटर

इंदूरात मेडिकल स्टोअर. शनिवारी रात्रीचा सराफा (इथला रात्रीचा खाऊबाजार) आणि रविवारचे पोहे-जिलबी, दोन्हींचा हिशोब सोमवारी सकाळी आमच्या काउंटरवर होतो. गिऱ्हाइकांत मराठी ज्येष्ठ बरेच आहेत, म्हणून औषधाच्या पिशवीत टाकायला एक पानी कागद करतोय. औषध कोणतं आणि किती दिवस, ते डॉक्टर सांगतील. कागदावर फक्त ‘कसं घ्यायचं’. कच्चा मजकूर:

१. पँटोप्राझोल ४० (आम्ल कमी करणारी गोळी) : सकाळी उपाशीपोटी.
२. पातळ अँटासिड : जेवल्यावर दोन चमचे.
३. ओआरएस : एक पुडी, एक ग्लास पाणी.
४. लोपरामाइड : जुलाब लागताच एक गोळी.
५. इसबगोल : झोपताना पाण्यातून.

काय चुकलंय, काय राहिलंय?

मात्रा_मोजा

तिसरी ओळ आधी खोडा, कागद छापायच्या आत. मोठी पुडी, साधारण २१ ग्रॅमची, एक लिटर पाण्यासाठी असते. २०० मिलीच्या ग्लासात मावते ती लहान, ४ ग्रॅमच्या आसपासची. मोठी पुडी ग्लासात ओतली की द्रावण पाचपट घट्ट होतं. ठरलेलं प्रमाण लिटरला ७५ मिलिमोल सोडियम आणि विरघळलेले सगळे कण मिळून २४५ (ऑस्मोलॅरिटी) असं आहे, ते पाचपट झालं की आतडं पाणी शोषायचं सोडून उलट शरीरातलं पाणी आत ओढतं. जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं, आणि लहान मुलाला झटके येऊ शकतात. उलट बाजूने, ‘खारट लागतं’ म्हणून अर्धीच पुडी लिटरभर पाण्यात टाकणारेही आहेतच. त्यात मिठाचा पुरवठा तोकडा पडतो.

कागदावर असं लिहा: ‘पुडीवर छापलेलं पाणी मोजून घ्या. मोठी पुडी = एक लिटरची भरलेली बाटली. पूर्ण पुडी एकदम टाका. वरून साखर, मीठ, सरबत काही नको. मिसळल्यावर उकळू नका. २४ तासांनी उरलेलं फेका.’ घरातला पेला मापाला धरू नका, कुणाचा १५० मिलीचा, कुणाचा ३०० चा.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्या मुलाला १०० ते २००. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. मुलांना सोबत झिंक: सहा महिन्यांवरच्याला रोज २० मिग्रॅ, त्याखालच्याला १०, एकूण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की बाटली कपाटात जाते, म्हणून ‘१४ दिवस’ ठळक छापा.

चौथी ओळही धोक्याची. ताप असेल, शौचात रक्त किंवा आव असेल तर लोपरामाइड नाही. ते आतड्याची हालचाल मंदावतं, म्हणजे जे बाहेर पडायला हवं ते आतच अडकतं. बारा वर्षांखाली डॉक्टरांशिवाय देऊच नका. मोठ्या माणसाला २ मिग्रॅच्या दोन गोळ्या आधी, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, स्वतःच्या मनाने दिवसाला चारच्या वर नाही. दोन दिवसांत थांबलं नाही तर दवाखाना. आणि ओआरएस त्याच्या जोडीने चालूच राहतं, गोळी पाणी भरून काढत नाही.

जठराग्नी

पहिली ओळ अर्धीच आहे. ‘उपाशीपोटी’ म्हटलं की लोक सहाला गोळी घेतात आणि नाश्ता साडेनऊला करतात. मग म्हणतात, असर नाही.

पँटोप्राझोल रक्तात फार वेळ टिकत नाही, तास-दोन तासांत निम्मं होतं. ते बंद करतं फक्त त्या वेळी चालू असलेले आम्लाचे पंप, आणि पंप चालू होतात खाण्याने. म्हणून गोळी आधी, अर्ध्या ते एका तासाने खाणं, आणि खाणं चुकवायचं नाही. एकदा पंप बंद झाला की त्या दिवसापुरता बंदच, म्हणून गोळी दिवसाला एक पुरते. मात्र पहिल्या दिवशी सगळे पंप सापडत नाहीत, पूर्ण परिणामाला तीनेक दिवस लागतात. जळजळ उठली की तेवढ्यापुरती एक गोळी घ्यायची, हा तिचा उपयोग नाही. त्या कामाला अँटासिड.

डॉक्टरांनी दोनदा दिली असेल तर दुसरी रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना नाही. चघळायची, कुटायची नाही. वरचा थर जठरातल्या आम्लापासून औषध वाचवतो, तो फुटला की औषध आतड्यापर्यंत पोचायच्या आत नासतं.

अँटासिडचं उलट. लगेच जेवल्यावर नको, तासाभराने. रिकाम्या पोटी ते अर्ध्या-पाऊण तासात पुढे निघून जातं, पोटात अन्न असलं की जास्त टिकतं. बाटली हलवून, झाकणाच्या मापाने १० मिली. चमचा लिहू नका, तुमचा चमचा आणि काकूंचा चमचा वेगळा. मॅग्नेशियम जास्त झालं तर शौच पातळ, अ‍ॅल्युमिनियमने बद्धकोष्ठ. किडनीचा आजार असलेल्यांनी विचारल्याशिवाय नाही.

सियागंज_काउंटर

ओआरएसची ओळ खोडली, आभार. दोन गोष्टी रोज विचारल्या जातात. लोक ‘गॅसची गोळी’ म्हणून पँटोप्राझोल-डी मागतात, वर्षानुवर्षं. थांबवायला सांगितलं की आठवड्यात परत येतात, ‘पित्त दुप्पट झालं’. आणि सकाळी थायरॉइडची गोळीपण असते, मग आधी कोणती?

जठराग्नी

डी म्हणजे डॉम्पेरिडोन, मळमळ-उलटीचं औषध. गॅसशी त्याचा फारसा संबंध नाही. युरोपात २०१४ पासून ते मळमळ-उलटीपुरतंच, १० मिग्रॅ दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सहसा आठवडाभर, इतकं आवळलंय, कारण हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साठीपुढे, हृदयरोगात, आणि क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) सोबत असेल तर धोका वाढतो. आपल्याकडच्या बऱ्याच डी कॅप्सूलमध्ये ३० मिग्रॅ असतं, म्हणजे एका कॅप्सूलमध्येच दिवसाचा कोटा संपला. जोडीला वेगळी डॉम्पेरिडोन गोळी दिली जात असेल तर काउंटरवरच पकडा.

‘दुप्पट पित्त’ खरं असतं, पण तो जुना आजार परतलेला नसतो. आम्ल महिनोन्‌महिने दाबलं की गॅस्ट्रिन (आम्ल बनवायला लावणारं संप्रेरक) वाढून बसतं, आणि गोळी एकदम सोडली की आम्ल उसळतं. काही आठवड्यांत ते बसतं. म्हणून डॉक्टरांशी बोलून ४० वरून २०, मग एक दिवसाआड, मधल्या जळजळीला अँटासिड. पण रोज अ‍ॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील, किंवा अल्सरमधून कधी रक्त गेलं असेल, त्यांनी स्वतः बंद करायची नाही. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) चालू असेल तर पँटोप्राझोलच्याच जातीची ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळतात, पँटोप्राझोल चालतं. पर्चीवर नाव बदलून देऊ नका.

थायरॉइडची आधी, उठल्या उठल्या साध्या पाण्याने. नंतर पँटोप्राझोल. पण दोघांत अंतर ठेवून प्रश्न सुटत नाही: आम्ल कमी झालं की थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतलं औषध, शोषलं कमी जातं, मग गोळी कधीही घ्या. पँटोप्राझोल सुरू किंवा बंद झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पाहून घ्यावं. अँटासिड, लोह, कॅल्शियम मात्र थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब.

नीमच_मंडी

इसबगोलचं राहिलं. दोन चमचे भुसा, भरलेला २५० मिली पाण्याचा ग्लास, ढवळून लगेच पिऊन टाकायचा. पेपर वाचत ठेवला की लापशी होते आणि घशात अडकते. वर आणखी एक ग्लास पाणी. आडवं होण्याच्या क्षणी नाही, जेवणानंतर थोड्या वेळाने. गिळायला त्रास होणाऱ्यांना नाहीच. परिणामाला १२ तास ते ३ दिवस, एका रात्रीत निकाल नाही. बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब.

बिसाकोडिल (बद्धकोष्ठावरची गोळी) विकत असाल तर त्याचीही ओळ घाला: दुधासोबत नाही, अँटासिडसोबत नाही. गोळीवरचा थर जठरातच विरघळतो आणि मुरडा येतो. आमच्या इकडे ‘रात्रीची गोळी’ म्हटलं की हात आधी दुधाच्या पेल्याकडे जातो. इसबगोल दुधातून चालतं, बिसाकोडिल नाही.

मात्रा_मोजा

तळाला मोठ्या अक्षरात: डांबरासारखं काळं, चिकट शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना घटतं वजन, यावर काउंटरवरून काही देऊ नका. छातीत जळजळीसोबत घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर अँटासिड देत वेळ घालवू नका, रिक्षा बोलवा. आणि गिऱ्हाईक काळं शौच म्हणालं की आधी विचारा, लोहाची गोळी चालू आहे का. तिनेही रंग काळा होतो, पण डांबरासारखा चिकटपणा आणि तो घाण वास नसतो.